मगरीचं जर्मन

रविवारी दुपारी, डाळ-बाफले पोटातून डोळ्यांत चढायला लागले होते त्या वेळी, माझी नात मला कंटाळली. कंटाळण्याचं मला विशेष काही नाही. माझ्या गोष्टींना कंटाळून सोनकच्छच्या अलीकडे अख्खी बस उतरून पायी गेलेली मी पाहिली आहे. ड्रायव्हरसुद्धा उतरला, बस तेवढी थांबून ऐकत राहिली. पण वल्लरी सहा वर्षांची, जर्मनीत जन्मलेली, माझी एकुलती नात, आणि मी तिला धरमपुरीच्या मगरीची गोष्ट सांगत होतो. तिला मराठी येत नाही हे मला ठाऊक होतं. पण गोष्टीला भाषा लागते असं मी कधी मानलंच नव्हतं. आवाज चढवला, डोळे फिरवले, हाताचा जबडा करून मिटला की काम होतं, अशी माझी समजूत. फोनच्या काचेत तिच्या आईचे फिकट केस होते आणि त्याखाली आमच्या घराण्याचं नाक. ते नाक वळवून तिनं शेजारी बसलेल्या बापाला काहीतरी विचारलं. बाप म्हणजे माझा मुलगा अजेय. तो हसला. मी विचारलं, काय म्हणाली? अशा वेळी मुलानं 'काही नाही बाबा' म्हणायचं असतं. पिढ्यान् पिढ्या मुलगे हेच म्हणत आले आणि बाप सुखाने मेले. पण अजेय तिकडे राहून सुधारलाय. तो सरळ म्हणाला, "ती विचारतेय, हा माणूस अजून किती वेळ बोलणार आहे."

हा माणूस. मी फोन शैलाच्या हातात दिला आणि आत जाऊन पडलो. शैला, माझी बायको, तिकडे पुढे अर्धा तास त्या मुलीला नवी कढई दाखवत होती आणि दोघी हसत होत्या. कढईला भाषा लागत नाही. पडल्या पडल्या मी सगळ्यांचा हिशेब लावला: अजेय बिनडोक, सूनबाई लाकूड, नात दगड, जर्मनी हा देशच मुळी माणसांनी गप्प बसावं म्हणून वसवलेला. पण डोळा लागेना. गोष्ट अर्धी राहिली होती आणि माझ्या छातीत ती मगर एक पाय नावेत आणि एक पाय पाण्यात ठेवून उभी होती. मी शहात्तर वर्षांचा. देवासच्या कारखान्यात टाइमकीपर होतो, तिथे ऐकणारे मुबलक. पाळी सुटली तरी लोक गेटवर थांबायचे. ते आता बहुतेक वर गेले, उरले त्यांना कमी ऐकू येतं. अजेय लहानपणी ऐकायचा, पण तिसरीत त्याला मार्क मिळायला लागले आणि एक दिवस त्यानं विचारलं, बाबा, ये कौन-सी किताब में है? त्या दिवसापासून तो माझ्या उपयोगाचा राहिला नाही. म्हणजे उरली ही एकच. तिनं माझी एक गोष्ट, निदान मगरीची तरी, शेवटपर्यंत ऐकायला हवी होती. गोष्टींचं वय मुलांना फार थोडं असतं आणि माझंही काही फार उरलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बायपासवरच्या विद्यापीठात जाऊन 'जर्मन भाषा व संस्कृती' या पदविकेला नाव घातलं. हे विद्यापीठ सोयाबीनच्या शेतात उगवलं आहे. मालकानं आधी गोदाम बांधलं, मग त्याला खिडक्या पाडल्या, आणि शेवटी एक कुलगुरू आणून ठेवले. चौकीदार म्हणाला, बाउजी, अॅडमिशन के लिए बच्चे को साथ लाना पड़ेगा. मी म्हटलं, बच्चा मीच आहे, घरचे बाहेर रिक्षात बसलेत. त्यानं वाकून रिक्षात पाहिलं. अशा माणसांच्या देशात मला आयुष्यभर कष्ट पडले नाहीत यात नवल नाही.

वर्गात ज्याला जर्मन हवं असा एकही माणूस नव्हता. सगळ्यांना जर्मनी हवी होती. सरदारपुरहून आलेल्या दोन-तीन नर्सबाया, एक स्वयंपाक्या, आणि सोनकच्छचा अंकुर, ज्याला तिकडे ट्रक चालवायचा होता. पहिल्या दिवशी त्यानं मला काकासाब म्हटलं, दुसऱ्या दिवशी भिया. मी त्याच्या आजोबांहून मोठा, पण माळव्यात भिया कुणालाही म्हणता येतं, पोलिसालाही आणि देवालाही. "भिया, तुम क्यों मगजमारी कर रिये हो," तो म्हणाला, "इस उमर में वीज़ा थोड़ी देंगे." मी त्याला सांगितलं की जर्मनीचा वीज़ा माझ्या आजोबांच्या नावाने धारच्या किल्ल्यात पुरून ठेवलेला आहे, नुसता उकरायचा बाकी आहे. त्याला ते पटलं. वर्षअखेरपर्यंत तो अधूनमधून विचारायचा, भिया, खुदाई हुई के नी?

आणि ते पुस्तक. पुस्तकातली माणसं कुणाच्या घरी न कळवता जात नाहीत, भांडत नाहीत, मरत नाहीत. सफरचंदं विकत घेतात आणि स्टेशन कुठे आहे ते विचारतात. स्टेशन सापडल्यावर काय करायचं याबद्दल पुस्तक गप्प आहे. संस्कृतीचा तास बुधवारी. त्यात नीरजा मॅडम, आमच्या शिक्षिका, इंदूरहून बसनं येऊन आम्हाला सांगायच्या की जर्मन माणूस वेळेवर येतो, कचरा चार डब्यांत वेगळा करतो, रविवारी आवाज करत नाही आणि जे असेल ते तोंडावर बोलतो. आम्ही ते लिहून घ्यायचो. बाहेर सोयाबीनच्या शेतात कुणाच्या तरी मुलाच्या जावळाचा डीजे लागलेला असे. एवढ्यावर संस्कृती संपली. म्हटलं, मॅडम, ही संस्कृती नव्हे, ही वसतिगृहाच्या नियमांची पाटी आहे. नीरजा मॅडम तिशीच्या, बारीक, घरी मराठी बोलणाऱ्या पण मराठी वाचताना ओठ हलवणाऱ्या. त्यांनी जर्मनी माझ्याइतकीच पाहिली होती, म्हणजे फोनच्या काचेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "परीक्षेत हेच येतं, काका." मला त्यांची कीव आली. कीव ही तुच्छतेची धाकटी बहीण आहे, घरात दोघी बरोबरच येतात.

खरी ठिणगी पडली ती 'माझा शनिवार-रविवार' या निबंधावरून. मी लिहिलं की शनिवारी माझ्याकडे एक मगर जेवायला आली, तिनं कढी मागून घेतली आणि रविवारी शैलाबरोबर टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेली. पायऱ्यांवर गर्दी होती पण मगरीला सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. मॅडमनी व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, विषयाला धरून नाही. मी वर्गात उठून विचारलं, का नाही. त्या म्हणाल्या, खरं लिहायचं असतं. मग मी बाकीच्यांचे निबंध मोठ्याने वाचून दाखवायला लावले. सरदारपुरची नर्स मैत्रिणीबरोबर पोहायला गेली होती. स्वयंपाक्यानं संग्रहालय पाहिलं होतं. अंकुर, ज्याच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं, तो बर्फावर घसरायला डोंगरावर गेला होता आणि संध्याकाळी आईबापांबरोबर त्यानं वाइन घेतली होती. सगळं पुस्तकातून उचललेलं, सगळ्यांना पैकीच्या पैकी. म्हणजे खोटं बोलायला या विद्यापीठाची हरकत नव्हती. खोटं दुसऱ्याचं असावं, स्वतःचं नसावं, एवढीच अट. वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. घरी येताना मी जिंकलेलो होतो आणि रिक्षात मला गुदमरत होतं. कारण कढीसाठीचा शब्द पुस्तकात नव्हता, मी तिथे सूप लिहिलं होतं. मगरीनं सूप मागून घेतलं. माझी मगर, नर्मदेची, कुठल्याशा हॉटेलात बसून सूप पिणारी झाली होती, आणि हे मीच केलं होतं.

ती मगर माझी नव्हे खरं तर, वडिलांची. वडील धारच्या दरबारच्या दफ्तरात होते. दरबार गेला, दफ्तर राहिलं, वडील दफ्तराच्या बाहेर ओट्यावर बसून खोटं सांगत राहिले. लाट मशिदीसमोरचा लोखंडी स्तंभ तुटला तो आमचे खापरपणजोबा जेवणानंतर टेकून बसले म्हणून. मुंज तलावात चंद्र पडतो तो खरा, वर दिसतो तो त्याचा उजेड. हे ते इतक्या कंटाळलेल्या स्वरात सांगायचे की शंका घेणाऱ्यालाच लाज वाटावी. मगरीची गोष्ट मात्र ते उभं राहून सांगत. धरमपुरीच्या घाटावर एक म्हातारी मगर होती. पोहून पोहून तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती नर्मदा नावेनं ओलांडायची. माझे आजोबा मोरोपंत मोजणीच्या कामाला पलीकडे चालले होते, आणि नावेत एकच जागा मोकळी होती, मगरीशेजारची. बसले. थंडीचे दिवस, मगर कुडकुडायला लागली, तेव्हा आजोबांनी आपली पगडी तिच्या डोक्यावर ठेवली. पलीकडच्या काठावर लोक दरबारच्या माणसाला मुजरा करायला उभे होते. त्यांनी पगडीला मुजरा केला आणि मगरीला बग्गीत बसवून कचेरीत नेलं. आजोबा म्हणाले, बरं झालं, आणि आंब्याखाली झोपले. मगर कचेरीत वर्षभर बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट कामं भराभर व्हायला लागली, कारण साहेबांनी तोंड उघडलं की लोक आपणहून सह्या करून जात. पुढे खूप आहे. लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट नसून आमच्या घराण्याचा इतिहास आहे. अजूनही जरा वाटतं. आता हे सगळं मला पुस्तकाच्या चिल्लर शब्दांत सांगायचं होतं. कढी नाही, घाट नाही, मुजरा नाही, पगडी नाही. पगडीची टोपी झाली. बग्गीची गाडी झाली. एखादं घर दूर बदली होऊन चाललं की ट्रकमध्ये काय चढतं आणि काय अंगणात राहून जातं, तसं मी एकेक पाहत होतो, आणि जे चढत होतं ते सगळं भिकार होतं.

डिसेंबरात विद्यापीठानं जर्मन दिवस साजरा केला. पार्किंगमध्ये नाताळचा बाजार भरवला. जैन पालकांसाठी बिनअंड्याचा केक होता, बिनकांद्याचं सॉसेज म्हणून आलूची टिक्की होती, अंकुर गॅलिसची अर्धी चड्डी घालून गारठलेले गुडघे चोळत उभा होता, आणि कुलगुरूंनी भाषणात सांगितलं की जर्मन ही संस्कृतची मोठी मुलगी आहे. टाळ्या पडल्या. धाकटी कुठे दिली ते सांगितलं नाही. माझ्या मनात इतकी थोर तुच्छता दाटून आली की मला बरं वाटायला लागलं. बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास आला. त्याच प्रसन्नतेत मी जिन्याखाली उभ्या असलेल्या नीरजा मॅडमकडे गेलो. निबंधापासून आमचं बोलणं बेतानंच होतं. त्यांना म्हटलं, मला एक गोष्ट नातीला सांगायची आहे, रविवारी, ऐका. का विचारलं त्यांना कुणास ठाऊक. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं, जिन्याखाली, हातात टिक्कीची बशी धरून, मान हलवत, टिक्की गार होईपर्यंत. एकदाही हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, ती सहा वर्षांची आहे. एका वाक्यात एकच खोटं घाला."

मी आयुष्यात ऐकलेला हा एकमेव कामाचा धडा. आठवडाभर मी मगरीला सोलत बसलो. मगर म्हातारी होती. तिचे गुडघे दुखत. ती नावेत बसली. तिला थंडी वाजली. आजोबांनी तिला टोपी दिली. शैला म्हणायची, अहो, जेवताना तरी पुटपुटू नका, भाजीवर थुंकी उडते. ती स्वतः जर्मनचं अक्षर शिकली नाही, शिकायची इच्छाही तिला झाली नाही. तिला माझ्या विद्यापीठाबद्दल वाटायची तेवढी तुच्छता मलाही वाटत नसे. रुमाल घेतला का, एवढंच विचारायची, जसं बालवाडीत सोडावं.

आणि तो रविवार आला. शैला शेजारी पलंगावर मटार सोलत बसली होती. काचेत वल्लरी आली, आणि आज ती नीट बसवलेली होती: केस विंचरलेले, हात मांडीवर, पाठ ताठ. अजेयनं तिला सांगून ठेवलं होतं. मी खाकरलो. मी म्हटलं, जर्मनमध्ये, एक मगर होती. आणि थांबलो. ती माझ्याकडे पाहत होती. मी वाट पाहिली. ती पाहतच होती. अजेय म्हणाला, "बाबा, नेट अटकलं का?" मी म्हटलं नाही. मी पुन्हा म्हटलं, एक मगर होती, ती म्हातारी होती. थांबलो. काचेत ते नाक, ते फिकट केस, आणि शुकशुकाट. पुढचं वाक्य होतं, तोंडात होतं, पण ते उतरेना. आपल्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही: सांगणारा एक वाक्य टाकतो आणि ऐकणारा 'हूं' म्हणतो, मग दुसरं टाकतो. हुंकारा म्हणतात त्याला. हुंकारा थांबला की ऐकणारा झोपला, आणि झोपलेल्याला गोष्ट सांगणारा वेडा असतो. वडील तर हुंकारा चुकला की उठून घरात जात. मी ही भाषा शिकलो, तिची क्रियापदं शेवटी फेकायला शिकलो, पण तिकडे हुंकारा नसतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नीरजा मॅडमच्याही नाही. जिन्याखाली टिक्कीची बशी धरून त्या प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणत होत्या, आणि आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं नव्हतं, जसा आपला श्वास ऐकू येत नाही.

मी तिला जर्मनमध्ये म्हटलं, हूं म्हण. ती म्हणाली, सावकाश, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश, की कुणी बोलत असताना मधे आवाज करायचा नसतो. शाळेत शिकवलंय. मी अजेयकडे पाहिलं, तो खांदे उडवत होता. चार डब्यांत कचरा वेगळा करणाऱ्या लोकांनी ऐकणारा आणि सांगणारा पण वेगळे केले होते, दोन डब्यांत, वर झाकण. संपलं, मला वाटलं. मगर नावेत एकटी बसून राहणार. फोन ठेवून द्यावा म्हणून मी हात उचलला, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"हूं."

शैला मटारच्या शेंगेकडे पाहत होती. तिनं मान वर केली नाही. मी जर्मनमध्ये म्हटलं, तिचे गुडघे दुखत. ती म्हणाली, हूं. ती नावेत बसली. हूं. शैलाला एक शब्द कळत नव्हता, पण मगर कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, पन्नास वर्षं ठाऊक होतं. काठावर मुजरा करणाऱ्या लोकांपाशी ती दोनदा हूं म्हणाली, कारण तिथे वडील दोनदा थांबायचे, आणि मला दुसरं वाक्य पाठच नव्हतं. मी पाठ केलेलं टाकून दिलं. व्याकरण टाकलं, क्रियापदं जिथे पडतील तिथे पडू दिली. मगर कचेरीत बसली, तिनं पेन मागितलं, पेन खाल्लं, शिपाई खाल्ला, नाही, शिपाई अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा वेळेवर येत राहिला. नीरजा मॅडमनी मला नापास केलं असतं. एका वाक्यात मी पाच-पाच खोटी घालत होतो. वल्लरीचे हात मांडीवरून केव्हाच गेले होते. ती फोनच्या इतकी जवळ आली होती की काचेत फक्त एक डोळा आणि नाकाची बाजू दिसत होती. गोष्ट संपली. शैलानं शेवटचा हूं दिला आणि सालं गोळा केली.

मग वल्लरी मागे सरकली, पाठ टेकून बसली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. ती मी वर्षभर त्या वर्गाकडे, त्या पुस्तकाकडे, त्या पार्किंगमधल्या बाजाराकडे टाकत होतो. ती म्हणाली, हे काहीच नाही. आमच्या बाई बर्फाच्या आहेत. उन्हाळ्यात त्या फ्रिजमध्ये बसून शिकवतात आणि दार जरासं उघडं ठेवतात. मला तिच्या तीन शब्दांतला एक कळत होता, बाकीचे हातांवरून. रचना भिकार होती. बाई बर्फाच्या का, याला आगापिछा नव्हता, आणि फ्रिजमध्ये फळा कुठे टांगला हे तिनं सांगितलंच नाही. माझ्या वडिलांनी अशा गोष्टीला ओट्याची पायरीसुद्धा चढू दिली नसती. मग एक दिवस शाळेची वीज गेली, ती म्हणाली, आणि थांबली. तशीच थांबली. माझ्याकडे पाहत, नाक वर करून, वाट बघत. अजेय काहीतरी बोलायला गेला तर तिनं त्याला हातानं गप्प केलं. मला वाटलं नेट अडकलं. मी जन्मात कुणाला हुंकारा दिलेला नाही. वडिलांना दिला असेल, पण तेव्हाही मनात मी माझंच पुढचं रचत असायचो.

"अहो," शैला सालांची पाटी उचलत म्हणाली, "द्या की. मुलगी खोळंबली आहे."

"हूं," मी म्हटलं.

आणि बाई वितळायला लागल्या.